मी वाजवतो

"धोटा बँडचे ड्रमवादक सुहास चौगुले हे सध्या कुठे आहेत, याची माहिती उपलब्ध नाही," असं त्या पोरानं स्टेजवरून मोबाइलमध्ये बघून वाचलं, तेव्हा सुहास चौगुले माझ्या शेजारच्या खुर्चीत बसून पर्समध्ये बडीशेपेची पुडी शोधत होत्या.

त्यांचा हात पर्समध्येच थांबला. पोरगं पुढं वाचतच होतं. श्री. चौगुले हयात असल्यास त्यांनी संयोजकांशी संपर्क साधावा, म्हणजे दिलावरभाईंच्या या साथीदाराचा यथोचित सन्मान करता येईल, वगैरे. मी कोपरानं ढोसलं. म्हटलं, आई, उठा की, सांगा त्याला. त्यांनी माझं मनगट धरलं आणि असं दाबलं की बांगडी रुतली. ड्रमच्या टिपऱ्या धरून कमावलेली पकड ती, साठीतही सैल झाली नव्हती.

सुहास चौगुले म्हणजे माझ्या सासूबाई. लग्नानंतरच्या मगदूम. त्यांच्या वेळी आपल्याकडं मुलीचं नावही सुहास ठेवायचे, हल्ली कुणी ठेवत नाही, त्यामुळं ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर सरळ मिशीवाला माणूस येतो. ती शोकसभा होती दिलावर मुजावर यांची. ऐंशीच्या दशकात इचलकरंजीत चार जणांनी मिळून एक रॉक बँड काढला होता. मराठीत गाणारा, त्यातही आपल्या गावाच्या बोलीत गाणारा. नाव ठेवलं धोटा. मागावर धागा घेऊन इकडून तिकडं धावतो, तो धोटा. दिलावरभाई गायचे, दोघं गिटारवर आणि ड्रमवर सुहास. कॉलेजची गॅदरिंगं, गणपतीचे मंडप आणि एक कॅसेट, एवढाच त्यांचा पसारा. सुहासचं लग्न झालं आणि बँड मोडला. दोन गिटारवाल्यांपैकी एक केव्हाच वारला होता, दुसरा परदेशात गेला तो गेलाच. आता दिलावरभाईही गेले होते.

आमच्या घरात ही काही लपवून ठेवलेली गोष्ट नव्हती. उलट आम्हाला तिचा जाचच होता. आईंच्या हाताला ताट, पाट, डबा, फ्रिजचं दार काहीही चालायचं. कुकरच्या शिट्टीची वाट बघताना ओट्यावर बोटं सुरू. माझा नवरा सन्मती म्हणायचा, आमच्या घरात लाइट गेली तरी आवाज जात नाही.

त्या दिवशी रिक्षात मात्र त्यांची बोटं मांडीवर नुसती पडून होती. घरी आल्यावर त्यांनी पाय धुतले, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "मला बाप्या केलाय त्यांनी."

मी हसणार होते. त्यांचं तोंड बघून हसले नाही.

मी मूळची नाशिकची. हायस्कुलात मराठी शिकवते. लग्न होऊन इथं आले, तेव्हा पहिल्या सकाळी सासूबाई म्हणाल्या, "मी देवळात जाऊन येतो, तू च्या टाक." मला वाटलं, माझ्या मागं सासरे उभे आहेत. वळून बघितलं तर कुणी नाही. कोल्हापूरकडच्या बायकांची ही रीतच आहे. मी जातो, मी करतो, मी जेवलो. दुसरीबद्दल बोलताना ती गेली, ती जेवली, सगळं बरोबर. फक्त 'मी' म्हटलं की बाई धडाक्यात पुरुषासारखी बोलते. माझ्या वर्गातल्या मुली निबंधात 'मी सकाळी उठलो' लिहायच्या आणि मी लाल शाईनं त्या 'लो'भोवती गोल काढायचे. घरी मात्र माझीच थट्टा व्हायची. मी काही बोलायला तोंड उघडलं की आई म्हणायच्या, "आल्या बघा करते-जातेबाई."

तर मी कॉम्प्युटर उघडला. इंटरनेटवर तो मोठा ज्ञानकोश असतो ना, ज्यात कुणीही जाऊन लिहू शकतं आणि कुणीही येऊन खोडू शकतं, त्यात धोटावर एक नोंद होती. स्टेजवरचं पोरगं तीच वाचत होतं. 'सुहास चौगुले हा बँडचा ड्रमवादक होता. घरच्या मागांच्या आवाजावरून तो ताल शिकला.' इंग्रजीत असतं तर नुसत्या नावावर भागलंही असतं. मराठीत क्रियापदाला विचारल्याशिवाय पुढं जाता येत नाही. लिहिणाऱ्यानं आईंना कधी बघितलं नव्हतं, त्याला काहीतरी एक ठरवणं भाग होतं, आणि त्यानं ते ठरवून टाकलं होतं.

मी म्हटलं, हात्तिच्या, हे काय काम आहे? 'हा'चं ही, 'बँडचा'चं बँडची, 'होता'चं होती, 'शिकला'चं शिकली. वह्या तपासून हात बसलेला. चहाचं आधण उकळेपर्यंत झालं सगळं. आईंना हाक मारून दाखवलं. त्या चष्मा न लावताच "बरं झालं" म्हणाल्या आणि दाराच्या कडीवर बोटं वाजवत आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी शाळेतून येऊन बघते, तर सगळं पुन्हा जसंच्या तसं. खाली एक शेरा होता: 'संदर्भाविना केलेला लिंगबदल पूर्ववत केला.' शेरा देणाऱ्याचं टोपणनाव अनुस्वार. सन्मतीला चहाचा ठसका लागला. माझ्या मात्र डोक्यात तिडीक गेली. मी पुन्हा बदललं, त्यानं पुन्हा पूर्ववत केलं. मी चर्चेच्या पानावर जाऊन चांगलं सुनावलं की अहो, ही बाई माझी सासू आहे, आत्ता स्वयंपाकघरात भडंग करतेय, याहून काय संदर्भ पाहिजे?

त्याचं उत्तर आलं. अतिशय सभ्य, म्हणून जास्तच चीड आणणारं. आप्तांनी आप्तांबद्दल लिहू नये, असा संकेत आहे. शिवाय नोंदीला आधार आहे तो छापील मुलाखतीचा, आणि त्या मुलाखतीत सुहास चौगुले स्वतःच काय म्हणतात ते आपण कृपया पाहावं.

मी पाहिलं. कोल्हापूरच्या कुठल्याशा जुन्या साप्ताहिकातलं पान कुणीतरी स्कॅन करून टाकलं होतं. फोटो एकट्या दिलावरभाईंचा. मजकूर नुसता प्रश्न आणि उत्तर, म्हणजे मधे 'तो म्हणाला' नाही की 'ती म्हणाली' नाही. बँडमध्ये तुम्ही काय करता, असं एकेकाला विचारलं होतं. आणि ठळक अक्षरात:

सुहास: मी ड्रम वाजवतो.

मुलाखत घेणारा इथलाच असणार. त्याच्या आईनं, बहिणीनं, बायकोनं जन्मभर असंच बोललेलं ऐकलेलं, त्याला त्यात खटकण्यासारखं काय दिसणार? त्यानं ऐकलं तसं लिहिलं. आणि बऱ्याच वर्षांनी कुठंतरी दुसऱ्या गावात बसून अनुस्वारानं ते वाचलं, त्यालाही खटकण्यासारखं काही दिसलं नाही. दोघांच्या आपापल्या शुद्ध मराठीच्या मधे माझी सासू बाप्या होऊन बसली होती.

मग मी अनुस्वाराला बोलीचा धडा दिला. भाषाशास्त्राच्या पुस्तकाचा पान क्रमांकासह दाखला दिला. दोन दिवस तो गप्प होता. मला वाटलं, जिंकले. पण गडी भलताच पक्का. म्हणाला, आपलं म्हणणं मान्य. यावरून एवढंच ठरतं की बोलणारी व्यक्ती स्त्री असू शकते. आहेच, हे ठरत नाही. तेव्हा मधला मार्ग काढू. आणि त्यानं नोंद बदलून लिहिलं: 'ड्रमवादन: सुहास चौगुले.' हा नाही, ही नाही. क्रियापदच नाही.

खरं सांगायचं तर मला ते पटलं होतं. निदान चुकीचं तरी काही राहिलं नव्हतं. मी आनंदानं स्वयंपाकघरात गेले. आई पातेल्यात चुरमुऱ्यांना लसणीचं तिखट लावत होत्या. मी सांगितलं, तसा हात थांबवून त्यांनी विचारलं, "म्हंजे बाई बी न्हाई आणि बाप्या बी न्हाई?"

मी म्हटलं, तसंच काहीसं, पण आता कुणी श्री. म्हणणार नाही.

"ऐक," त्या म्हणाल्या. "मी वाजवायला बसलो की खालनं पोरं शिट्ट्या मारायची. बाया म्हणायच्या, पोरगी असून पाय फाकून बसतीया. माझ्या आईला लोकांनी हळदीकुंकवाला बोलवायचं बंद केलं. ते समदं पोरगी म्हणूनच झालं न्हवं? शिव्या पोरीनं खाल्ल्या. आणि आता वाजवणं तेवढं कुणाचंच न्हाई?"

एवढं एका दमात मी त्यांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं. त्यांचे डोळे भरले होते, आणि ते तिखटानं नव्हतं. मला फार वाईट वाटलं. एक मात्रा इकडची तिकडं, एवढंच मी या प्रकरणाला समजत होते.

मी अनुस्वाराकडं फोन नंबर मागितला. त्यानं लगेच दिला. पुण्याचे केशव पळसुले म्हणून निवृत्त गृहस्थ निघाले. रविवारी दुपारी जेवणं आटोपल्यावर मी फोन लावला आणि नमस्कार-चमत्कार होताच भांडायला सुरुवात केली. मी माझ्या मास्तरकीच्या आवाजात चढत होते, ते त्यांच्या मऊ आवाजात मागं सरत नव्हते. आई शेजारी भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या. थोडा वेळ त्यांनी ऐकून घेतलं. मग टरफलं झटकून माझ्या हातातून फोन घेतला.

"हां, मी सुहास बोलतोय," त्या म्हणाल्या.

माझा फोन जुना, त्याचा आवाज खोलीभर ऐकू यायचा. मग पळसुल्यांचा श्वास ऐकू आला आणि ते अगदी हळू म्हणाले, "बोला, बाई."

बाई! मी आठवडाभर डोकं फोडून जे झालं नव्हतं, ते या बाईनं एका 'बोलतोय'नं केलं होतं.

पुढं ते दोघं मला विसरूनच गेले. पळसुल्यांनी विचारलं, ताल मागावरून शिकलात म्हणजे नेमकं कसं? आईंनी सांगितलं. त्यांच्या वडिलांच्या शेडमध्ये सगळे माग सरळ चालायचे, एकच लंगडा होता. चालता चालता मधेच अडखळायचा, आणि मग जास्तीचा एक ठोका टाकून पुन्हा रांगेत यायचा. मिस्त्री आला तरी ते लंगडणं जाईना. "बाकीच्या मागांचं घरात कुणाला काय वाटायचं न्हाई," आई म्हणाल्या, "पण ह्यो अडखळला की कान तिथंच जायचा. मग मी बी ड्रमवर तिथंच मारायला लागलो." धोटाच्या गाण्यांत मधेच पाय चुकल्यासारखं जे होतं आणि मग जी मजा येते, ती ही. पळसुले म्हणाले, ती जागा मी कॅसेटवर किती वेळा ऐकलीय म्हणून सांगू! नोंद त्यांनीच लिहिली होती, कारण तरुणपणी त्यांच्या खोलीवर ती कॅसेट झिजेपर्यंत वाजली होती.

तुम्ही अजून वाजवता का, त्यांनी विचारलं. वाजवतो की, पातेल्यावर, आई म्हणाल्या.

मग फोन माझ्याकडं आला. मी म्हटलं, झालं ना आता समाधान? बदला मग.

"मला पटलं हो," पळसुले म्हणाले. "पण मला पटणं हा काही संदर्भ नाही. कुठंतरी छापून यायला हवं."

मी फोन आपटला नाही, एवढंच. आईंना म्हटलं, बघा, कसला हटवादी माणूस आहे. तर त्या पुन्हा शेंगांकडं वळून म्हणाल्या, "बरोबर हाय त्याचं. ताल म्हंजे ताल. वळखीच्या माणसासाठी मोडायचा न्हाई."



छापून आणायचं तर कुणी छापायचं, हा विचार करताना मला स्टेजवरचं ते पोरगं आठवलं. खोत त्याचं नाव. कोल्हापूरच्या एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत लिहायचा. त्याला फोन करून म्हटलं, तुम्ही ज्यांना शोधत होता, त्या तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या. बिचारा दुसऱ्याच दिवशी हजर झाला, लाजेनं अर्धा झालेला. आईंनी त्याला भडंग खायला घातलं आणि दुपारभर सांगत बसल्या. शिट्ट्या, लंगडा माग, दिलावरभाईंचा आवाज बसला तेव्हा नुसत्या ड्रमवर सावरलेला कार्यक्रम, सगळं. त्यानं पातेल्यावर वाजवतानाचा फोटो काढला. जाताना पाया पडला.

पुढच्या रविवारी पुरवणी आली. अर्ध्या पानाचा फोटो, वर मोठ्या अक्षरांत 'धोटाची सुहास'. लेखात ओळीओळीला ती, तिचं, तिनं. मी नाचायचीच बाकी होते. आता पळसुले काय, कुणाची हिंमत आहे बघू! सन्मती पेढे आणायला निघाला. आई चष्मा लावून खिडकीपाशी वाचत बसल्या.

पुष्कळ वेळ वाचत होत्या. मग एका जागी बोट ठेवून त्यांनी मला बोलावलं.

"हे कोण बोलतंय?"

मी वाकून बघितलं. 'सुहासताई सांगतात, मी लहानपणी मागाच्या आवाजावर शिकले. मी आजही पातेल्यावर वाजवते.' म्हटलं, तुम्हीच की.

"मी असं बोलतो व्हय?"

माझ्या ध्यानात आलं. खोतानं तसं लिहिलं नसणार, तो इथलाच. पुरवणीच्या टेबलावर कुणीतरी माझ्यासारखाच मराठीचा मास्तर बसला असणार. त्यानं 'शिकलो'भोवती गोल काढला असणार. मी समजूत घालायला गेले की अहो, छापताना तसं शुद्ध करतात, अर्थ तोच राहतो, आणि मुख्य म्हणजे आपलं काम झालं.

आईंनी पुरवणीची घडी घातली. रागावल्या नव्हत्या. दमल्यासारख्या दिसत होत्या.

"आधी माझं वाजवणं बाप्याला दिलं," त्या म्हणाल्या. "आता ते माघारी आलं, तर माझं बोलणं तुला दिलं. दोन्ही माझंच हाय गं. दोन्ही मलाच पायजे."

शिकवण्याचा धंदा माझा, पण 'मी'च्या पुढं काय यावं हे ज्याच्या त्याच्या तोंडात असतं, हे मला कुणी असं हात धरून दाखवलं नव्हतं. सन्मती पेढे घेऊन आला, ते तसेच टेबलावर राहिले.

दुपारी पळसुल्यांचा फोन आला. पुरवणी इंटरनेटवर वाचून ते भलतेच खूश होते. म्हणाले, आता काही अडचण नाही, मी स्वतः बदलतो, तुम्ही आप्त, तुम्ही हात लावू नका. मी म्हटलं, थांबा, एक अडचण आहे. आणि त्यांना आईंचं म्हणणं सांगितलं. मला वाटलं, ते नियम काढतील. त्यांनी काढली ती जुनी मुलाखत.

"उद्धृत करायचं तर जुन्या मुलाखतीतलं करता येईल," ते म्हणाले. "तेही छापीलच आहे. म्हणजे नव्या लेखाच्या आधारानं लिहायचं की ती ड्रमवादक होती. आणि तिच्या तोंडी जुनं वाक्य, जसंच्या तसं." त्यांनी वाचून दाखवलं. "सुहास चौगुले ही धोटाची ड्रमवादक होती. आपल्या कामाबद्दल ती म्हणते, 'मी ड्रम वाजवतो.'"

मी आईंकडं बघितलं. त्या खिडकीजवळून उठून टेबलापाशी आल्या होत्या.

"पण खाली टीप देऊ का?" पळसुल्यांनी विचारलं. "त्या भागातल्या बायका असं बोलतात, अशी? नाहीतर वाचणारा तिथं अडखळेल."

"अडखळू दे की," आई फोनकडं वाकून म्हणाल्या. "कान तिथंच जातोय."

पळसुले मोठ्यानं हसले. पहिल्यांदाच त्यांचा मऊ आवाज सुटलेला ऐकला. टीप द्यायची राहिली ती राहिलीच. आईंनी पेढ्यांचा पुडा उघडला, एक तोंडात टाकला आणि पुड्याच्या झाकणावर त्यांची बोटं चालू झाली. सभेच्या दिवसापासून घरात तो आवाज नव्हता.

फोन ठेवायच्या आधी पळसुल्यांनी एक भीती बोलून दाखवली, आणि ती पुढं खरी ठरली. आई जाऊन आता काही वर्षं झाली, पळसुलेही गेले, पण आजही अधूनमधून कुणीतरी भला माणूस त्या नोंदीवर येतो. वरची ओळ वाचतो, खालचं वाक्य वाचतो, अडखळतो. कुणी 'वाजवतो'चं वाजवते करतो, कुणी 'होती'चं होता. मी ते पुन्हा होतं तसं करते, आणि त्याचा मला राग येत नाही. तो जिथं अडखळला, तिथं आई बसलेल्या असतात.

पळसुले त्या दुपारी म्हणाले होते, "हे असं ठेवलं तर रोज कुणी ना कुणी दुरुस्त करायला येईल, बाई. माझं वय झालं. यावर लक्ष कोण ठेवणार?"

आईंची बोटं झाकणावर थांबली. त्या माझ्याकडं बघत होत्या.

"मी ठेवतो," मी म्हणाले.